घरखर्चाचा मेळ : एक कौटुंबिक खेळ

(तुकोगंज, इंदूर येथे मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरखर्चाची वही हा बहुतेक मराठी घरांतील एक अपुरा ग्रंथ होय. गुढीपाडव्याला नवी वही येते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो, आणि पहिले आठ-दहा दिवस मिठाच्या पुडीपासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत सारे काही तारीखवार नोंदले जाते. पुढे एखादे कार्य निघते, पाहुणे येतात, दोन दिवसांची नोंद राहून जाते. मग राहिलेल्या नोंदी आठवून लिहिण्याचा कंटाळा येतो, आणि वही कपाटात जाऊन बसते. पुढच्या पाडव्याला ती रद्दीत निघते तेव्हा तिची पंधरा पाने भरलेली असतात.

हे सारे आळसामुळे घडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. कारण ज्या घरात ही वही महिनाभरही टिकत नाही, त्याच घरात दुसरा एक हिशेब वर्षानुवर्षे बिनचूक चालू असतो. तो हिशेब म्हणजे दुधाचा.

दुधाच्या हिशेबाचा धडा

मराठी कुटुंब मुंबईत असो, नागपुरात असो वा इंदुरात असो, त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघाले, तेव्हापासून तर भिंतीवरील दिनदर्शिका हे अनेक घरांतील वाचनाचे व टिपणाचे ठिकाणच झाले. तिच्या चौकोनात दुधाचा खाडा किंवा जादा लिटर टिपून ठेवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ही नोंद का टिकते, याची कारणे पाहिली म्हणजे वही का बुडते हेही आपोआप कळते.

पहिले कारण असे की, दुधाची नोंद डोळ्यांसमोर असते. ती शोधावी लागत नाही. दुसरे, ती एका खुणेची असते; रोजच्यासारखे दूध आले तर काहीच लिहावयाचे नसते, वेगळे काही घडले तरच खूण करावयाची. तिसरे, ती जो दूध घेतो तो करतो. आई असो, आजोबा असोत की शाळकरी मुलगी असो, पेन्सिल जवळच लटकत असते. चौथे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या खुणेवरून कोणी कोणाला दोष देत नाही. ‘आज दोन लिटर का घेतले?’ असा सवाल खूण करणाऱ्याला होत नाही. महिनाअखेर आकडा जुळला की घर आणि दूधवाला दोघेही समाधानी असतात.

घरखर्चाच्या वहीत या चारही गोष्टी उलट्या असतात. ती मिटलेली असते, तीत पुष्कळ लिहावे लागते, ती एकानेच लिहावयाची असते, आणि महिनाअखेर ती जाबजबाबाचा कागद होते. बहुतेक घरांत लिहिणारी गृहिणी असते आणि तपासणारा तिचा पती. अशा वहीत जमा-नावे जुळविण्यापेक्षा खर्चाचे समर्थन शोधण्याकडेच मन जास्त धावते. ज्या कामात एक पक्ष आरोपीचा आणि दुसरा न्यायाधीशाचा असतो, ते काम कोणीही आनंदाने करीत नाही. तेव्हा हिशेब टिकवावयाचा असेल तर त्याचे खटल्याचे रूप जाऊन त्याला खेळाचे रूप यावयास हवे.

इंदूरने पाहिलेला एक प्रयोग

नकोशा कामाला खेळाचे रूप देण्याचा एक संस्मरणीय प्रयोग याच शहरात होऊन गेला आहे. तुकोगंज ही वस्ती होळकर घराण्यातील तुकोजीराव हे नाव मिरविते. तिसरे तुकोजीराव होळकर गादीवर असताना, १९१७ साली, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार इंदूरच्या पाहणीसाठी आले. त्यांनी दरबारास सादर केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला, आणि नगररचनेच्या अभ्यासकांत तो आजही वाचला जातो. त्या काळी शहरात प्लेगची भीती होती. घरे व गल्ल्या स्वच्छ करणे निकडीचे होते. सरकारी माणूस दारात आला की लोक धास्तावत. दंडाच्या व सक्तीच्या मार्गाने जे साधते ते भीतीपुरतेच साधते, हे गेडिस यांनी ओळखले.

त्यांनी दिवाळीचा मुहूर्त साधला. एका दिवसापुरता शहराचा कारभार आपल्या हाती मागून घेतला आणि एका मोठ्या मिरवणुकीची घोषणा केली. मिरवणुकीचा मार्ग मात्र ठरीव नव्हता. ज्या भागातील लोक आपली घरे व रस्ते सर्वांत चांगले झाडून, डागडुजी करून ठेवतील, त्या भागातून ती जाणार होती. झाले! गल्लीगल्लीत चढाओढ लागली. कचऱ्याच्या हजारो गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची व प्लेगच्या उंदराची प्रचंड चित्रे होती, आणि ज्यांच्या श्रमावर शहराचे आरोग्य अवलंबून असते ते सफाई कामगार स्वच्छ पोशाखात मानाने चालत होते. शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले.

पुढे शंभर वर्षांनी, २०१७ पासून २०२३ पर्यंत, केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात याच शहराने सलग सात वेळा प्रथम क्रमांक मिळविला. २०२३ मध्ये तो सुरतेबरोबर विभागून होता. त्या यशाची कारणे अर्थातच अनेक व आधुनिक आहेत. परंतु गुणांकन, क्रमांक आणि आपल्या शहराचा अभिमान यांचा त्यात वाटा आहे, हे कोणी नाकारणार नाही.

गेडिस यांच्या योजनेतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी श्रीमंत वाड्यांना बक्षीस ठेवले नाही. झोपडीत राहणारा व हवेलीत राहणारा या दोघांनाही झाडू हाती घेता येतो. म्हणून झाडण्यालाच मान दिला. घरखर्चाच्या खेळातही हेच तत्त्व पाळावयाचे आहे. किती कमी खर्च केला याला गुण द्यावयाचे नाहीत. जो खर्च झाला तो खरा खरा नोंदला, याला गुण द्यावयाचे. या एका नियमावर सारा खेळ उभा आहे.

खेळाची मांडणी

या खेळाला विकतचे काहीही लागत नाही. मूठभर चिंचोके, पाच वाट्या, एक ताट, भिंतीवरची दिनदर्शिका, पेन्सिल आणि तीस घरे आखलेला एक कागद एवढे साहित्य पुरते. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये असे मानावे.

उदाहरणादाखल, महिना चाळीस हजार रुपये मिळविणारे चौघांचे कुटुंब घेऊ. घरभाडे, शाळेची फी, वीज, कर्जाचा हप्ता असे ठरलेले खर्च अठरा हजार रुपये आहेत असे धरावे. बचतीचे चार हजार रुपये पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत. उरले तर वाचवू, या विचाराने सहसा काहीच उरत नाही. राहिलेल्या अठरा हजारांचे एकशे ऐंशी चिंचोके झाले. ते पाच वाट्यांत असे वाटता येतील : किराणा, दूध व भाजीपाला नव्वद, प्रवास पंचवीस, औषधपाणी वीस, सण व पाहुणे वीस, आणि खासगी पंचवीस.

ज्याने खर्च केला त्याने त्याच दिवशी संध्याकाळी तेवढे चिंचोके वाटीतून काढून ताटात टाकावेत आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात आकडा मांडावा. शंभराहून लहान खर्च नुसते टिपून ठेवावेत व त्यांची शंभरी भरली की एक चिंचोका हलवावा. पैसे रोख दिले की मोबाइलवरून, हा भेद करू नये. किंबहुना, मोबाइलच्या व्यवहारांसाठीच या चिंचोक्यांची आज अधिक गरज आहे. यूपीआय ही पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि भाजीवालीच्या गाडीपर्यंत पोचली. तिची सोय मोठी आहे. परंतु पूर्वी पाकिटातील नोटा कमी होताना डोळ्यांना दिसत. आता पडद्यावर केवळ एक खूण उमटते. वाटीतील चिंचोके कमी होताना पाहणे म्हणजे तो हरवलेला अनुभव पुन्हा मिळविणे होय. महिन्याच्या पंधरा तारखेला प्रवासाची वाटी जवळजवळ रिकामी दिसली, तर ते सांगण्यासाठी कोणाच्याही भाषणाची आवश्यकता राहत नाही. सात वर्षांच्या मुलालाही ते दिसते.

एका वाटीतून दुसऱ्या वाटीत उसनवारी करण्यास मुभा असावी. अट एवढीच की ती सर्वांसमक्ष, बोलून करावी. अंदाजपत्रक म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पाहुणे आठ दिवस अधिक राहिले तर किराण्याची वाटी सणाच्या वाटीकडून उसने घेईल, आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही.

पट आणि शिडी

सापशिडीचा खेळ मुळात मोक्षपट म्हणून खेळला जाई, आणि परंपरा त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. सद्‌गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप यांतून मुलांना नीती शिकवावी, ही त्यामागील कल्पना होती. घरखर्चाचा तीस घरांचा पट त्याच धर्तीवर चालवावा. मात्र त्यावर सोंगटी एकच असावी, साऱ्या कुटुंबाची मिळून.

ज्या दिवशी घरातील प्रत्येकाची नोंद पुरी झाली, त्या दिवशी सोंगटी एक घर पुढे जाते. नोंद राहिली तर ती जागच्या जागी थांबते. रविवारी सकाळी सर्वांनी बसून मेळ घालावा : वाट्यांतील चिंचोके, हातातील रोकड आणि बँकेतील शिल्लक यांचा ताळा पाहावा. मेळ बसला तर शिडी मिळते, म्हणजे दोन घरे जादा. फरक आला आणि तो त्याच बैठकीत सापडला, तरीही शिडी मिळते. कारण चूक शोधून काढणे हे तर हिशेबाचे खरे कौशल्य. फरक सापडलाच नाही तर सापाने गिळले असे मानून एक घर मागे यावे व नवा आठवडा सुरू करावा. कोणी चुकविले, याची चौकशी करू नये.

या हिशेबात एक खुबी आहे. महिन्यात चार-सहा दिवस नोंद चुकली तरी चार रविवारांच्या शिड्या ती तूट भरून काढतात आणि सोंगटी तिसाव्या घरी पोचते. वही दोन दिवसांच्या खंडाने कायमची बंद पडते. हा खेळ दोन दिवसांच्या खंडाने थांबत नाही.

रविवारच्या बैठकीस आणखी एक गंमत जोडता येईल. मेळ घालण्यापूर्वी प्रत्येकाने गेल्या आठवड्यातील एखाद्या खर्चाचा, समजा भाजीपाल्याचा, अंदाज सांगावा. ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा ठरेल त्याने त्या दिवशीचा नाश्ता निवडावा. इंदूरच्या घरात ही निवड पोहे-जिलेबीवर जाण्याचा संभव अधिक, हे सांगावयास नको. बक्षीस पैशाचे नसावे. निवडीचा मान हेच बक्षीस. थोड्याच आठवड्यांत मुलांना कोथिंबिरीच्या जुडीचा व तेलाच्या पिशवीचा भाव ठाऊक होतो, आणि तो व्याख्यानाने होत नाही.

सोंगटी तिसाव्या घरी पोचली म्हणजे आधी ठरविलेला एखादा सर्वांचा आनंद उपभोगावा. महेश्वरच्या घाटावर घालविलेला एक दिवस त्यासाठी पुरेसा आहे.

खासगीची वाटी

महेश्वरचे नाव आले म्हणजे अहिल्याबाई होळकरांचे स्मरण होणारच. त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत तेथून राज्यकारभार पाहिला. होळकरांच्या दरबारात दौलत व खासगी असे दोन स्वतंत्र हिशेब होते. दौलत म्हणजे राज्याचा वसूल. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या नावे तोडून दिलेले उत्पन्न. देशभर घाट, मंदिरे, धर्मशाळा बांधण्याचा अहिल्याबाईंचा दानधर्म या खासगीतून झाला. राज्याचा पैसा व आपला पैसा यांत त्यांनी राखलेला कसोशीचा भेद आणि हिशेबातील त्यांची शिस्त यांची दखल जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात घेतली आहे.

या खेळातील पाचव्या वाटीला ‘खासगी’ हे नाव देण्याचे कारण यातच आहे. या वाटीतील चिंचोके महिन्याच्या आरंभी घरातील प्रत्येकाला वाटून द्यावेत. मिळवता असो वा नसो, प्रत्येकाचा त्यात वाटा असावा. त्यातून काय घेतले याचा जाब कोणी विचारावयाचा नाही. चिंचोका ताटात टाकला की नोंद पुरी. गृहिणीने त्यातून साडीसाठी पैसे साठवावेत, मुलाने छप्पन दुकानांत जाऊन ते खाऊन टाकावेत, आजोबांनी पुस्तक घ्यावे. तो ज्याचा त्याचा अधिकार.

ही वाटी म्हणजे चैनीला दिलेली सवलत आहे, असे कोणास वाटेल. वास्तविक ती साऱ्या हिशेबाच्या सत्यतेचा आधार आहे. डाळीच्या डब्यात नोटा लपवून ठेवण्याची रीत आपल्या घराघरांत का पडली? कारण ज्या पैशाचा जाब द्यावा लागत नाही असा थोडा तरी पैसा प्रत्येक माणसाला हवा असतो. तो उघडपणे मिळाला नाही तर तो गुपचूप काढला जातो, आणि मग वही खोटी होते. उघड खासगी असेल तेथे चोरटा डबा लागत नाही.

खेळ कोठे बिघडतो

खेळाच्या रूपात सामर्थ्य आहे, म्हणूनच त्यात धोकाही आहे. १९०४ या एकाच वर्षातील दोन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. त्या वर्षी जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकाराने गृहिणींसाठी घरखर्चाची वही तयार करून प्रसिद्ध केली. ‘काकेइबो’ या नावाने ही पद्धत आज जगभर ओळखली जाते. त्याच वर्षी अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या महिलेला ‘जमीनदाराचा खेळ’ या पटाचे पेटंट मिळाले. जमिनीचे भाडे मूठभरांच्या हाती कसे साचते आणि बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना उमगावे हा तिचा हेतू होता. पुढे त्याच खेळातून ‘मोनोपॉली’ निपजली, आणि आपल्याकडील मुलांच्या सुट्टीतला ‘व्यापार’ त्याच कुळातला. हेतू मागे पडला. दुसऱ्याचे दिवाळे काढणे हाच विजय ठरला. शिकविण्यासाठी काढलेला खेळ गुण कशाला द्यावयाचे हे बदलताच उलटे शिकवू लागतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

घरातही असेच घडू शकते. ज्याने कमी खर्च केला तो जिंकला, असा नियम एखाद्या उत्साही गृहस्थाने केला, तर काय होईल? रक्तदाबाची गोळी आणावयाची आजी दोन दिवस पुढे ढकलील. मुलगी शाळेतील दंड सांगणार नाही. गृहिणी स्वतःसाठी फळ घेणे बंद करील, आणि ताटातील चिंचोके कमी दिसल्याने सर्वांना आनंद होईल. तो आनंद घातक आहे. म्हणून दोन नियम कधीही मोडू नयेत : औषधपाण्याच्या वाटीवर चढाओढ नाही, आणि घरातील माणसांनी एकमेकांविरुद्ध खेळावयाचे नाही. सामना कुटुंबाचा व महिन्याचा आहे.

बाजारालाही खेळाची ही ओढ पुरेपूर ठाऊक आहे. खरेदीवर मिळणारे गुण, पैसे पाठविताच उघडणारी बक्षिसाची चिठ्ठी, ‘फक्त आजच’ असे सांगणारे घड्याळ, हे सर्व खेळच आहेत; फक्त त्यांत खर्च करण्याला गुण मिळतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी तर अनेक घरांची शिल्लक गिळली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदी घालणारा कायदा संमत करावा लागला. ज्या मुलाने घरच्या पटावर सोंगटी चालविली आहे आणि गुण देणाऱ्याचा हेतू काय हे विचारण्याची सवय लावून घेतली आहे, तो अशा पाशात सहजी सापडणार नाही.

हे सारे कशासाठी

भिशी ही महाराष्ट्रीय कुटुंबांची जुनी आवड. चिठ्ठी कोणाची निघते या उत्सुकतेने दरमहा पैसे भरण्याचा कंटाळा जातो, हे तिचे यश. परंतु भिशी बचत शिकविते, हिशेब शिकवीत नाही. पैसा कोठे जातो हे ठाऊक नसलेले घर भिशीचे पैसे भरण्यासाठी उसने घेते, असेही दिसते.

हिशेबाची खरी परीक्षा सुखाच्या दिवसांत होत नाही. घरातील कर्ता माणूस अचानक आजारी पडतो किंवा काळाच्या पडद्याआड जातो, तेव्हा मागे राहिलेल्यांना तीन प्रश्नांची उत्तरे त्याच आठवड्यात द्यावी लागतात : महिन्याला घर किती रुपयांत चालते, कोणाचे किती देणे आहे, आणि हाताशी काय आहे. ज्या स्त्रीला आजवर महिन्याचे ठरावीक पैसे मोजून दिले गेले आणि बाकीचे सांगितलेच गेले नाही, तिच्यावर दुःखाबरोबर हे अज्ञानही कोसळते. याउलट, ज्या घरात दर रविवारी पाच वाट्या सर्वांसमोर मोजल्या गेल्या, त्या घरातील दहावीतील मुलगाही या प्रश्नांची उत्तरे देऊ शकेल. पोहे-जिलेबीच्या निमित्ताने झालेली ती बैठक त्या दिवशी विम्याच्या कागदाइतकीच मोलाची ठरेल.

महिनाअखेर वाट्यांत जे चिंचोके उरतील त्यांना पुढील महिन्यात विरघळू देऊ नये. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत दरमहा किमान शंभर रुपये, म्हणजे या खेळातील अवघा एक चिंचोका, भरून पाच वर्षांचे खाते चालविता येते. बहुतेक कुटुंबांना दरमहा एक चिंचोका तरी या खात्यासाठी राखता येईल. खाते मुलांना दाखवावे, पासबुक त्यांच्या हाती द्यावे. वाटीतून पासबुकापर्यंतची ही वाट त्यांनी डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

आरंभ मोठा करू नये. पहिल्या महिन्यात केवळ एकाच वाटीचा, भाजीपाल्याचा, खेळ मांडावा. दुधाच्या खुणेशेजारी आणखी एक आकडा, एवढेच जादा काम. तो टिकला तर दुसऱ्या महिन्यात दुसरी वाटी आणावी, आणि दिवाळीपर्यंत पाचही वाट्या मांडल्या जातील. येत्या एक तारखेला दिनदर्शिकेचे पान उलटाल, तेव्हा पेन्सिलीला टोक करून ठेवावे आणि चिंचोके मोजावयास घरातील सर्वांत लहान सभासदाला बसवावे.